दुसरा भोंगा

"बाबा, आँखें तर खोला आधी! डोळे मिटून कुठे टोचताय?"

चिंतामणनं एक डोळा उघडला. समोर मंजिरीचा दंड होता, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा, आणि आपल्याच हातात इन्सुलिन भरलेली सुई होती. बारा वर्षांची पोर बाही वर करून ऐटीत बसली होती आणि बाप घामाघूम झाला होता.

"हवा काढली का?" तिनं विचारलं.

"काढली ना."

"मग द्या. आई तर बात करता करता टोचते, समजत पण नाही."

"आई आई आहे. मी मिलचा माणूस आहे."

"मिल कुठे आहे आता!" मंजिरी हसली, आणि ती हसत असतानाच त्यानं सुई टोचली. मग कापसाचा बोळा तिच्या दंडावर दाबला आणि तो भिंतीला टेकून बसला, जणू सुई त्यालाच बसली होती. रोज सकाळी हाच तमाशा व्हायचा. मंजिरीची आई, सुलोचना, पहाटेच अन्नपूर्णा भागातल्या दोन घरी पोळ्या करायला जायची, त्यामुळे सकाळची सुई त्याच्याकडे आली होती. एरवी त्यानं उभ्या जन्मात सुईकडे पाहिलं नसतं.

मिल चालू होती तोवर चिंतामणची नोकरी सांगायला फार सोपी होती. तो भोंगेवाला होता. टाइम ऑफिसात भिंतीवर एक खटका होता आणि तो दाबला की छपरावरचा भोंगा इंदूरच्या अख्ख्या परदेशीपुरा मोहल्ल्याला हलवायचा. कापड विणणाऱ्यांना त्याची नोकरी म्हणजे चेष्टा वाटायची. 'चिंतू भिया, थकला असशील ना बटण दाबून?' असं विचारल्याशिवाय कुणी त्याला चहा पाजत नसे. तो मात्र ते काम देवपूजेसारखं करायचा. मनगटावरचं घड्याळ रोज रेडिओशी मिळवायचा. आपल्या भोंग्याचा आवाज पार लांबच्या बेटमा गावापर्यंत जातो, असं तो छातीठोकपणे सांगे. बेटम्याला त्याचा सख्खा साडू राहत होता, त्याला तो कधी ऐकू आला नाही, ते सोडा. पण मोहल्ल्यातली झाडून सगळी घड्याळं चिंतामणच्या भोंग्यावर लावली जात, हे खरं होतं.

मंजिरी पहिलीत असताना सुकत चालली. घटाघटा पाणी प्यायची, रात्रीतून चारदा उठायची, आणि मोरीत मुंग्यांची रांग लागायची. विमा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि नवराबायकोला समोर बसवून नीट समजावलं. हिच्या अंगात इन्सुलिन बनत नाही. ते सुईनं द्यायचं, रोज दोनदा, जन्मभर. सुईनंतर अर्ध्या तासानं जेवण. ज्वारीची भाकरी, मूग, पालेभाजी, दूध. पोट भरून, पण बेतानं आणि वेळेवर.

"वेळेचं मात्र विसरू नका," बाई म्हणाल्या होत्या. "सुई दिली आणि जेवण दिलं नाही, तर तीच सुई तिचा जीव घेईल. रक्तातली साखर उतरते. घाम येतो, हात कापतात, मग मूल बेशुद्ध पडतं. फ्रॉकच्या खिशात खडीसाखर कायम ठेवा."

घरी येऊन सुलोचना खूप रडली, आणि रडून झाल्यावर तिनंच तोड काढली. घरातलं गजराचं घड्याळ लहरी होतं, पण मिलच्या प्रत्येक पाळीला दोन भोंगे होत, पहिला कामगारांना उठवायला आणि अर्ध्या तासानं दुसरा कामावर घ्यायला. पहिल्या भोंग्याला सुई, दुसऱ्याला जेवण. भोंगा द्यायला घरचाच माणूस बसला आहे, मग भीती कशाची?

चिंतामणला हे फार आवडलं. टाइम ऑफिसात बसल्या बसल्या तो खटका दाबायचा आणि त्याच क्षणी चाळीत आपल्या पोरीच्या दंडाला सुई लागली असेल हे त्याला कळायचं. तोंड वाकडं करून तो आपलाच दंड चोळायचा. मग अर्धा तास घड्याळावरून नजर काढायचा नाही. दुसऱ्या भोंग्याला मात्र त्याचं तोंड फुलायचं. चाळीतही सगळ्यांना पाठ झालं होतं. दुसरा भोंगा झाला की शेजारची चंपाबाई भिंतीवर लाटणं आपटून ओरडायची, "मंजू, जेव गं!" आणि मंजू आतून ओरडायची, "जेवते ना, आंटी!" तोवर ताटाला बोट लावायचं नाही, हे त्या पोरीच्या अंगवळणी पडलं होतं. ताट झाकून समोर ठेवून ती कान देऊन बसायची. सुट्टीच्या दिवशी भोंगा नसायचा, तेव्हा चिंतामण दोन्ही हातांचा शंख करून तोंडानंच भोंगा द्यायचा. हुबेहूब. शेवटी आवाज कसा खाली घसरत जातो, तेही.

डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "अमेरिकेत आता एक पंप निघालाय. पत्त्यांच्या कॅटएवढा. कमरेला बांधायचा, नळीतून आपोआप थेंब थेंब इन्सुलिन जातं. जेवायच्या वेळी बटण दाबलं की जास्तीचं. मग वेळेची एवढी बंधनं राहत नाहीत."

"जिलबी पण खाता येते?" मंजिरीनं लगेच विचारलं. सकाळी सारं इंदूर पोहे-जिलबी खातं आणि ती वाटीत मोड आलेले मूग घेऊन बसते, हे दुःख ती रोज बोलून दाखवायची.

"बेतानं. एखादी."

"आणि भोंगा? तो पण मशीनच देते?"

बाई हसल्या. चिंतामण मात्र हसला नाही. घरी येताना तो पोरीला म्हणाला, "मशीन आणू आपण. पण भोंगा मीच देणार हां."

मग मिल बंद झाली. तोटा आहे, तोटा आहे असं कैक वर्षं ऐकत आलेल्या लोकांना ते खरं वाटेना. एका सकाळी गेटला कुलूप दिसलं. पेपरात उदारीकरण हा शब्द रोज यायला लागला, पीथमपूरला मोटारींचे नवे कारखाने उभे राहत होते, आणि तिथं कुणाला भोंगेवाला नको होता. चिंतामण जाऊन आला. मुलाखत घेणाऱ्या पोरानं विचारलं, "आपको आता क्या है?" चिंतामणनं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि तो उठून आला.

घरात एकेक गोष्ट आटत गेली. विमा दवाखान्याचं कार्ड बाद झालं, इन्सुलिनची बाटली बाहेरून आणावी लागे. फ्रिज कुणाकडे होता? ती बाटली लहान मडक्यात पाणी घालून, त्यात तरंगत ठेवायची. पण मंजिरीच्या ताटाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं नवराबायकोनं न बोलता ठरवलं होतं. तिच्या ताटात मूग असायचे, मेथी असायची, दुधाची वाटी असायची. सुलोचना पोळ्या करते त्या घरी खाल्लं म्हणून सांगायची. चिंतामण भूक नाही म्हणायचा. दोघंही खोटं बोलत होती आणि दोघांनाही ते माहीत होतं.

आणि भोंगा तो रोज तोंडानं द्यायला लागला. सुई दिली की मनगटावरचं घड्याळ बघत ओट्यावर बसायचा आणि वेळ झाली की हातांचा शंख करायचा. चाळ आधी हसली. मग चंपाबाई पुन्हा भिंतीवर लाटणं आपटायला लागली, आणि लोक त्या आवाजावर आपलीही ताटं वाढून घ्यायला लागले. अख्खी मिल गेली होती, एवढंच काय ते शिल्लक होतं.

तर त्या रविवारी सुई देऊन झाली. चिंतामण सिरिंज उकळायला ठेवत होता. भाकरी सुलोचना करूनच गेली होती. त्यानं ताट वाढलं, वर दुसरं ताट झाकलं आणि मंजिरीपुढे ठेवलं. तेवढ्यात भोंगा वाजला.

तोंडाचा नाही. खरा. मिलचा.

 चाळीत एकदम सगळी दारं उघडली. अशोक, जो पूर्वी मिलमध्ये सांचे, म्हणजे माग, चालवायचा आणि आता टेम्पो चालवत होता, तोंडातला ब्रश तसाच ठेवून धावत सुटला. "भिया, मिल चालू झाली! चिंतू भिया! सुन रहे हो क्या? भोंगा!" बायका कडेवर पोरं घेऊन निघाल्या. कुणी रडत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं.

चिंतामणनं सवयीनं घड्याळ बघितलं. वेळ चुकली होती. साडेसहाच्या पहिल्या भोंग्याची वेळ होऊन दहा-बारा मिनिटं झाली होती. एवढ्यावरून त्याच्या मनात शंका यायला हवी होती. त्याच्या मनात आला तो राग. कुणीतरी नवा पोरगा बसवलाय खटक्यावर! त्याला वेळ कळत नाही! इतक्या वर्षांत आपण एक मिनिट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, आणि हा पहिल्याच दिवशी मिलची अब्रू घालवतोय.

"मंजू, मी चाललो," तो पायात चपला सरकवत म्हणाला. "दुसरा मीच देतो जाऊन. माझ्या हातचा."

मंजिरीचे डोळे चमकत होते. "मग तोंडाचा नाही ना आज?"

"आज खरा. तो ऐकला की जेव. समजली?"

"हो ना! जा तुम्ही, भागा!"

गेटवर ही गर्दी. कुलूप मात्र होतं तसंच. आत एक ट्रक उभा होता आणि कुठलीशी मोटर धडधडत होती. लोक गेट हलवायला लागले तसा आतला म्हातारा चौकीदार घाबरला. त्यानं चिंतामणला ओळखलं, छोट्या दरवाजातून त्याला एकट्याला आत ओढलं आणि पुन्हा कडी घातली. "चिंतू भिया, तुम्हीच बोला यांच्याशी. माझं कुणी ऐकत नाही."

चिंतामणनं ऐकलंच नाही. तो सरळ टाइम ऑफिसकडे धावला. दाराशी जनरेटर होता, त्याची वायर आत गेली होती. छपरावर दोन माणसं भोंग्याचे बोल्ट काढत होती. खाली एक जाडसा गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभा होता.

"दुसरा द्यायचा आहे," चिंतामण धापा टाकत म्हणाला. "दूसरा भोंगा. टाइम हो रहा है. हटो, मैं देता हूँ."

"कौन सा दूसरा, काकाजी?" तो गृहस्थ बुचकळ्यात पडला. "अपन तो कबाड़ी हैं. माल चालू है कि बंद, बस चेक किया. चालू का भाव अलग मिलता है ना."

छपरावरून भोंगा दोरानं खाली आला. इतकी वर्षं ज्याचा आवाज दिला, ती वस्तू चिंतामण पहिल्यांदाच जवळून बघत होता. गंजलेलं, लहानसं डबडं. त्याला वाटलं होतं, मोठा असेल. आत त्याचं स्टूल होतं, त्यावर धूळ होती. तो त्या धुळीवरच बसला आणि त्याला रडू फुटलं. असा तो आई गेली तेव्हाही रडला नव्हता. मिल आता उघडणार नव्हती. हे सगळ्यांना केव्हाच कळलं होतं, फक्त त्याला आज कळलं. बाहेर दगडफेक सुरू झाली, पोलिसांची गाडी आली, आरडाओरडा झाला, त्यातलं त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही. तो स्टुलावर बसून समोरच्या खटक्याकडे बघत राहिला.

किती वेळ गेला हे त्या घड्याळवाल्याला कळलं नाही. शेवटी कबाड्याच्या माणसानं त्याच्यापुढे कागद धरला. कागदावर पोहे होते, शेव होती आणि बाजूला एक जिलबी. माणूस वाईट नव्हता.

"काकाजी, खा लो कुछ. सुबह से भूखे बैठे हो."

चिंतामणनं जिलबीकडे पाहिलं. मग मनगटाकडे. नऊ वाजून गेले होते.

तो ओरडला त्यानं ती माणसं दचकलीच. खटक्यावर झडप घालून त्यानं तो दाबला. एकदा, दोनदा, दहादा. खटका नुसताच खटखट वाजला. "लगा दो वापस! एक बार! मेरी बच्ची बैठी है, भोंगा लगाओ!" तारा कापलेल्या होत्या, भोंगा ट्रकमध्ये गेला होता. कबाड्याला वाटलं, हा माणूस मिलपायी वेडा झाला. चिंतामण गेटकडे धावला. गेटवर पोलीस कुणाला बाहेर सोडत नव्हते. त्यानं हवालदाराचे पाय धरले, काय बोलला ते त्याचं त्यालाही आठवत नाही. हवालदारानं सोडलं. रस्ताभर तो धावत होता आणि धावता धावता हातांचा शंख करून भोंगा द्यायचा प्रयत्न करत होता. छातीत दम नव्हता, नुसती हवा निघत होती.

चाळीत कुणी नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं. मंजिरी ताटासमोर कुशीवर पडली होती, फ्रॉक घामानं अंगाला चिकटला होता. ताट झाकलेलंच होतं. तिच्या मुठीत खडीसाखरेचा खडा होता, ओला, चिकट झालेला. तिनं तो खिशातून काढला होता. आता वाजेल, आता वाजेल म्हणून ती थांबली असावी, आणि मग तो तोंडापर्यंत न्यायचं भान तिला राहिलं नसावं. चिंतामणनं तो खडा तिच्या दातांत सारायचा प्रयत्न केला. दातखीळ बसली होती.

गेटवरून मागोमाग परतलेल्या अशोकनं टेम्पो आणला. चंपाबाई वाटभर आपलं कपाळ बडवून घेत होती. तीही गेटवर निघाली होती, जाता जाता दारात डोकावून म्हणाली होती, "मंजू, खाऊन घे गं." आणि मंजू म्हणाली होती, "दुसरा व्हायचाय ना अजून, आंटी. बाबा देणार आहेत."

मोठ्या सरकारी दवाखान्यात शिरेतून साखर चढवली. श्वास चालू राहिला, पण पोर जागी झाली नाही. तरुण डॉक्टर खाली मान घालून म्हणाला की मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, आता वाट बघायची. किती, ते त्यानं सांगितलं नाही.

सुलोचना पिठाच्या हातांनी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती नवऱ्याला शिव्या देईल, मारेल, असं अशोकला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं चिंतामणचा डावा हात धरला, मनगट वर केलं आणि विचारलं, "अहो, घड्याळ होतं ना तुमच्या हातात?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

आठवडे गेले. मंजिरीच्या नाकातून नळी घातली होती, तिच्यातून पातळ दूध जायचं. सुई नर्सबाई द्यायच्या. सुलोचनानं पोळ्यांची कामं सोडली. तरीही ती रोज घरून डबा आणायची. भाकरी, मूग, मेथी. ताटात वाढून, झाकून खाटेशेजारच्या कपाटावर ठेवायची. न जाणो, डोळे उघडले तर.

चिंतामण खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसायचा. नर्सबाईंनी सुई दिली की घड्याळ बघत राहायचा. अर्धा तास झाला की पोरीच्या कानाशी वाकायचा, हातांचा शंख करायचा आणि हळूच भोंगा द्यायचा, शेवटी घसरत जाणाऱ्या आवाजासकट. पहिल्या दिवशी वॉर्डातल्या बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. मग आयाबाईंच्या लक्षात आलं की जेवणाची गाडी फिरवून होते आणि हा माणूस भोंगा देतो, मिनिटाचा फरक पडत नाही. हळूहळू वॉर्डाला सवय लागली. भोंगा झाला की बायका उठून बसायच्या, ताटांवरची झाकणं निघायची, "चलो, टाइम हो गया" असं कुणीतरी म्हणायचं.

त्या दिवशीही तसंच झालं. भोंगा झाला, झाकणं वाजली, बायका जेवायला लागल्या. मंजिरीची पापणी हलली नाही. चिंतामण मागे सरकून बसला. सुलोचना बराच वेळ पोरीचे केस सारखे करत होती. मग त्याच्याकडे न बघता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलली.

"जरा मोठ्यानं द्या हो. ऐकू नसेल आलं तिला."

चिंतामण उभा राहिला. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छातीत होता तेवढा सगळा दम लावून त्यानं भोंगा दिला. शेजारच्या वॉर्डातही झाकणं निघाल्याचा आवाज आला. मंजिरीचं ताट कपाटावर झाकलेलं होतं.